सोमवारचं तोणाक आणि इटलीची रेड

पाओलोने ग्लास टेबलाच्या कडेला सरकवला आणि पुन्हा बांगड्याकडे वळला. "नो गुड," तो म्हणाला. मग जीभ टाळूला लावून बघितली आणि म्हणाला, "आयर्न."

सगुणबाब काउंटरमागे उभे होते. त्यांनी पाओलोकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. मी जाऊन ग्लास उचलला, बाटली उचलली आणि आत गेले. ते मागोमाग आले.

"इटलीचो मनीस इटलीची वायन परत करता, ज्योतीबाय. आतां हांव कोणाक कितें सांगूं?"

त्या आठवड्यात परत आलेली ती काही पहिली बाटली नव्हती. पण आधीची गिऱ्हाइकं दिल्ली-बंगळूरची. त्यांना सवय नसेल, असं म्हणून मी वेळ मारून नेली होती. पाओलोच्या बाबतीत तसं म्हणायची सोय नव्हती. तो इटलीतल्या टस्कनीचा, निवृत्त बसड्रायव्हर. दर सीझनला इथे हरमलच्या किनाऱ्यावर येतो, सगुणबाबच्या रेस्टॉरंटशेजारच्या खोलीत उतरतो आणि घरचाच असल्यासारखा वावरतो. लहानपणापासून जेवणाबरोबर रेड वाईन पीत आलेला माणूस. आणि ही वाईन त्याच्याच मुलखातली.

मी रेस्टॉरंटना वाईन-लिस्ट बनवून देते आणि वेटरना वाईन कशी वाढायची ते शिकवते. कोणती बाटली ठेवायची, कशी ठेवायची, कोणत्या पदार्थाबरोबर सुचवायची, हे माझं काम. मी डिचोलीजवळच्या सर्वणची. गावात आईला बायका माझ्याबद्दल विचारतात, "तुजें चेडूं दारवेच्या धंद्यांत मगो?" आई सांगते, "हॉटेलांत वेटरांक शिकयता." खोटं नाही ते.

सगुणबाबच्या लिस्टवर ही रेड मीच घातली होती. सांजोवेझे नावाच्या द्राक्षाची वाईन. इटलीत घरोघरी जेवणाबरोबर पितात तसली, साधी आणि परवडणारी. फार मोठं नाव नाही, पण स्वच्छ आणि प्रामाणिक. चेरीसारखी आंबटगोड चव आणि शेवटी जिभेवर थोडा खरखरीतपणा. हा खरखरीतपणा द्राक्षाच्या सालीतून येतो, आमच्या भाषेत त्याला टॅनिन म्हणतात. चहा फार उकळला की जिभेला जे जाणवतं, तेच.

"सोमवारी माका सांग," सगुणबाब म्हणाले. "जमता जाल्यार बरें. ना जाल्यार ही वायन परत व्हर आनी तुजी लिस्टय व्हर. हांव दुसरो मनीस पळयतां."

ते रागावले नव्हते, म्हणून मी जास्त घाबरले. हरमल, मांद्रे, मोरजीचे रेस्टॉरंटवाले एकमेकांना ओळखतात. कोणाच्या भट्टीवरचा पाव कच्चा राहतो हेसुद्धा त्यांना संध्याकाळपर्यंत कळलेलं असतं. भर सीझनमध्ये एकाने लिस्ट परत केली, तर पुढच्या वर्षी मला दारात कोण उभं करणार? शिवाय या पट्ट्यात हे काम करणारी बाई मी एकटीच. "बायलमनशाक वायनीतलें कितें कळटा?" हे वाक्य बऱ्याच जणांच्या जिभेवर तयार होतं. ते बोलायची संधी मी देणार नव्हते.

रविवारी मी सकाळीच हरमलला पोचले. आधी बाटलीचीच शंका घेतली. वाईन बहुधा दोन कारणांनी बिघडते. बूच खराब असेल तर तिला भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास येतो. बाटली उन्हात तापली असेल तर बूच वर सरकतं आणि वाईन शिजवलेल्या फळासारखी लागते. मी वेगवेगळ्या खोक्यांतल्या बाटल्या उघडून पाहिल्या. बुचं जागच्या जागी होती, वासही स्वच्छ होता. बाटल्यांचा दोष नव्हता.

मग वेटरना विचारलं, कुठून काढून देता? त्यांनी काउंटरवरचं शेल्फ दाखवलं. वर पत्र्याचं छप्पर, मागे तंदूर.

"फ्रिजांत कित्याक दवरूंक ना?"

"वायनीचो एजंट म्हणालो, रेड रूम टेम्परेचरार दिवपाची," सगुणबाबच म्हणाले.

मी कपाळाला हात लावला. रूम टेम्परेचर हा शब्द ज्यांनी काढला त्यांच्या रूम दगडी होत्या आणि बाहेर थंडी होती. हरमलच्या दुपारी रूम टेम्परेचर म्हणजे अंघोळीचं पाणी. गरम रेड नाकात दारूसारखी चढते आणि तिचा आंबटपणा मरतो. मी एक बाटली बर्फाच्या बादलीत ठेवायला लावली. हाताला माठातल्या पाण्याइतकी गार लागली तेव्हा काढली आणि सगुणबाबना दिली. त्यांनी घोट घेतला. तसे ते फेणीचे माणूस, पण त्यांची जीभ चोख आहे.

"आतां बरी लागता," ते म्हणाले. "पूण पाओलो लोखंड म्हणालो. गरम म्हणूंक ना."

बरोबर होतं. निम्मा प्रश्न सुटला होता आणि खरा प्रश्न तसाच होता.

मी स्वयंपाकघरात एक टेबल मागून घेतलं आणि मेनूवरचा एकेक पदार्थ थोडा थोडा मागवायला सुरुवात केली. पद्धत सोपी आहे. आधी वाईन चाखायची, मग पदार्थ खायचा, मग पुन्हा वाईन. आणि प्रत्येक वेळी वाईन थुंकून टाकायची, नाहीतर दुपारपर्यंत आपल्यालाच धरून न्यावं लागेल. थुंकायला मी स्टीलचं भांडं घेतलं होतं. सगुणबाबच्या पत्नी, ज्यांना सगळे वैनी म्हणतात, चुलीपाशी उभ्या राहून ते बघत होत्या.

"गो, इतकी म्हारग दारू हाडून थुकता?"

"पोटासाठींच थुकतां, वैनी."

त्या हसल्या, पण ते भांडं त्यांनी धुवायच्या भांड्यांत येऊ दिलं नाही. बाहेर नळावर ठेवायला लावलं.

रव्यात तळलेला बांगडा घेतला. पहिल्याच घोटाला पाओलोचं लोखंड माझ्या तोंडात आलं, जुना चमचा चाटावा तसं. यालाही कारण आहे. रेड वाईनमध्ये किंचित लोह असतं. बांगडा, तारली यांसारख्या तेलकट माशांशी ते भिडलं की तोंडात धातूची चव उतरते. सुंगटांचं हुमण, म्हणजे कोळंबीचा तिखट रस्सा, घेतलं. तिखट आणि टॅनिन एकत्र आले की आग वाढते. घसा जळला आणि वाईन कडू झाली. विसवण म्हणजे सुरमई, कालवं, कुर्ल्या, सगळं करून पाहिलं. कमीजास्त प्रमाणात तीच कथा. उत्तरेकडच्या पर्यटकांसाठी ठेवलेल्या पनीरच्या गोडसर भाजीबरोबर वाईन पाण्यासारखी पातळ लागली.

"कोंबडी कित्याक ना मेनूर?" मी विचारलं. चिकनबरोबर जमवता आलं असतं.

सगुणबाबचे वडील रापणीचं जाळं ओढायला जायचे, काका अजून होडी बाळगून आहेत. त्यांना माझा प्रश्न अपमानासारखा लागला. "दर्यार येवन कोंबडी कित्याक खावची? माज्या हॉटेलांत नुस्तेंच." नुस्तें म्हणजे मासळी.

संध्याकाळी माझ्या जिभेला कसलीच चव कळेनाशी झाली. मी स्कूटर काढली आणि सर्वणपर्यंत स्वतःलाच शिव्या देत गेले. ही वाईन वाईट नाही हे मला ठाऊक होतं. पण मासळीच्या रेस्टॉरंटात मासळीबरोबर जमत नसेल, तर ती चांगली असून उपयोग काय? एक सोपी वाट होती. रेड काढायची, एखादी पांढरी घालायची, माफी मागायची. सगुणबाब कदाचित मानलेही असते. पण पाओलोने नाकारलेली बाटली मी मुकाट्याने परत नेली, तर त्या घरात पुढे माझा शब्द कोणी ऐकला नसता. मी ठरवलं, उत्तर मिळेपर्यंत ती बाटली हलवायची नाही.

सोमवारी गेले ती हातात काही नसतानाच. दुपारची गिऱ्हाइकं उठून गेली होती. वैनींनी मागच्या दारातून हाक मारली. मागे त्यांचं घरचं स्वयंपाकघर आहे, रेस्टॉरंटच्या किचनपेक्षा वेगळं. "आदीं जेव. मागीर झगडीं कर."

सोमवार म्हणजे शिवराक, म्हणजे मासळीशिवायचं जेवण. हे आमच्याकडेही असंच. पुढच्या किचनमध्ये गिऱ्हाइकांसाठी मासळी तळली जाते, पण मागच्या घरात त्या दिवशी तिचा वासही येऊ देत नाहीत. ताटात उकड्या तांदळाचा भात होता, वांग्याची कापं, अळसांद्यांचं तोणाक आणि सकाळचा उंडो. उंडो म्हणजे आमचा जाड कवचाचा गोल पाव. अळसांदे म्हणजे मोठी चवळी. भाजलेलं खोबरं, कांदा, धणे, मिरी आणि हरमलची लाल मिरची वाटून तिचा दाट रस्सा करतात, वर थोडी चिंच. तेच तोणाक.

मी उंडो मोडून रश्शात बुडवला आणि घास तोंडात घातला. घास चावता चावता थांबले.

भाजलेल्या खोबऱ्याचा तेलकटपणा टॅनिनला मऊ करणार. कडधान्य त्याला धरून ठेवणार. चिंचेचा आंबटपणा वाईनच्या आंबटपणाला भेटणार. आणि माशाचं तेल कुठेच नाही. हे मी लहानपणापासून दर सोमवारी खात आले. मग आजवर मला सुचलं कसं नाही?

कारण साधं होतं. ज्या दिवशी आमच्या घरांत तोणाक शिजतं, त्या दिवशी कोणी बाटली उघडत नाही. आणि ज्या दिवशी बाटली उघडते, त्या दिवशी ताटात मासळी हवीच. या दोन गोष्टी आमच्या पिढ्यान्‌पिढ्या एका टेबलावर आलेल्याच नाहीत. मी वाईनच्या परीक्षा दिल्या, जगभरच्या पदार्थांच्या जोड्या पाठ केल्या, पण माझी स्वतःची जीभ वार बघूनच चालत होती.

"वैनी, हें तोणाक आनी ती वायन—"

"आयज?" त्यांनी पळी खाली ठेवली. "सोमार आसा. बाटली ह्या दारांतल्यान भितर येवची ना."

त्यांनी सांगायची गरज नव्हती. सोमवार मीही पाळते. त्या दिवशी मी टेस्टिंग घेत नाही, थुंकायचं असलं तरी नाही. या धंद्यातल्या लोकांना ते विचित्र वाटतं. वाटू दे.

सगुणबाब हात धुऊन आले. "सांग. कितें ठरलें?"

"जमता," मी म्हटलं.

"कशाबरोबर?"

मी ताटाकडे बोट दाखवलं. त्यांना आधी थट्टा वाटली. मग कळलं की मी गंभीर आहे, आणि त्यांचा चेहरा बदलला.

"हें हॉटेलांत घालूं? उपासाचें जेवण? लोक दर्याकडे येतले आनी हांव तांकां चवळी वाडतलों?"

"माका बुधवारपर्यंत दिया. बुधवारी तुमी स्वता चाखात. जमलें ना जाल्यार हांव तुमच्या तोंडार लिस्ट फाडून घरा वयतां."

"बुधवारी शिवराक?" आता वैनी मध्ये पडल्या. "गो, बुधवारी सगळ्यांत बरें नुस्तें येता. बुधवारी तोणाक केलें जाल्यार शेजारी विचारतले, सुतक आसा काय म्हणून."

मी म्हटलं, विचारू द्या. सगुणबाबनी बराच वेळ दाढी खाजवली. शेवटी म्हणाले, "बुधवार. पूण पाओलोय बसतलो. ताणें ना म्हणलें जाल्यार ना."

ती अट मला हवी तशी नव्हती, पण मी मान्य केली.

निघताना वैनींकडून तोणाकाचा डबा मागून घेतला. मंगळवारी घरी गरम केलं, गार केलेली बाटली उघडली आणि आईसमोरच बसले. पहिल्या घोटाला माझ्या अंगावर काटा आला. वाईनमधली चेरी उजळून वर आली. खोबऱ्याचा भाजका वास तिच्या मागे उभा राहिला. खरखरीतपणा होता, पण आता तो जिभेला स्वच्छ करून पुढच्या घासाला बोलावत होता. लोखंडाचा मागमूस नाही. मी टेबलावर हात आपटला.

"भाजी उडली मगो!" आई ओरडली.

फक्त शेवटी तिखट वर येत होतं. वाईनमधल्या अल्कोहोलने ते आणखी पेटत होतं. तेवढं कमी करावं लागणार होतं, आणि ते वैनींना सांगावं लागणार होतं.

बुधवारी सकाळी सांगितलं. वैनींच्या कपाळावर आठ्या आल्या. "मिरसांग उणी केली जाल्यार रंग खंयचो येतलो? तें आजाऱ्याचें जेवण जातलें."

"मिरची तितकीच घाला. फक्त बिया काडून उडया." बिया आणि आतल्या शिरा काढल्या की तिखटाचा जोर उतरतो, रंग आणि वास राहतो. त्यांनी सूप पुढे ओढलं, माझ्याही हातात मिरच्या दिल्या आणि म्हणाल्या, "तुका जाय, तूंच काड." मी त्यांच्याबरोबर बसून बिया काढल्या. दिवसभर बोटं जळत होती आणि मला त्याचं काही वाटलं नाही.

संध्याकाळी कोपऱ्यातल्या टेबलावर सगुणबाब आणि पाओलो बसले. मी मुद्दाम दोन ताटल्या ठेवल्या, एकीत तळलेला बांगडा आणि दुसरीत तोणाक आणि उंडो. बाटली बर्फातून काढून ओतली. आधी बांगडा खायला सांगितला. दोघांनी घोट घेतला आणि दोघांची तोंडं वाकडी झाली. "लोखंड," या वेळी सगुणबाबच म्हणाले. मग पाणी प्यायला लावलं आणि दुसरी ताटली पुढे केली.

सगुणबाबनी उंडो बुडवला, खाल्ला, घोट घेतला. पुन्हा बुडवला, पुन्हा घोट. मी उभी होते. त्यांचे घास मोजत होते. तिसऱ्या घासानंतर त्यांनी मान मागे वळवून हाक मारली, "गो, तोणाक आनीक हाड!"

पाओलो मात्र खातच नव्हता. त्याने चमच्यावर एक अळसांदो उचलून दिव्याकडे धरला होता. "बीन्स," तो म्हणाला. मग खाल्ला, ग्लास उचलला आणि संपवूनच खाली ठेवला. त्याच्या मोडक्या इंग्रजीत त्याने जे सांगितलं ते असं: त्याच्या गावात लोक बीन्सवरच वाढले. आजूबाजूच्या गावांतले लोक त्यांना बीन्सखाऊ म्हणून चिडवतात. घरी बीन्सची कढई आणि हीच साधी वाईन. त्याची आई रोज तेच करायची.

वैनी तोणाकाचं भांडं घेऊन आल्या होत्या. पाओलो त्यांच्याकडे वळला. "इतकी वर्षं मी येतो," तो म्हणाला. "मासे देता, मासेच देता. हे कधी का दिलं नाही?" त्याचा आवाज खरंच दुखावलेला होता. मी ते वैनींना आमच्या बोलीत सांगितलं.

वैनी गोंधळल्या. हातातलं भांडं तसंच धरून त्या म्हणाल्या, "अरे, पावण्याक शिवराक कशें वाडूं?"

आमच्याकडे पाहुण्याला मासळीशिवाय जेवू घालणं म्हणजे त्याचा मान न ठेवणं. त्यांनी दर वर्षी त्याला घरातलं सगळ्यांत चांगलं दिलं होतं, आणि त्याला हवं होतं ते मागच्या दाराआड शिजत होतं. मी ते पाओलोला समजावलं. त्याने उठून वैनींच्या हातातलं भांडं घेतलं आणि स्वतःच्या ताटलीत वाढून घेतलं. वैनींनी पदराने डोळे टिपले आणि तिखट उडालं म्हणाल्या. बिया तर मीच काढल्या होत्या.

लिस्ट राहिली, मीही राहिले. अळसांद्यांचं तोणाक आता मेनूवर आहे, त्याच्या शेजारी त्या रेडचं नाव. बाटल्या फ्रिजच्या खालच्या कप्प्यात असतात. मासळीबरोबर कोणी रेड मागितली तर वेटर आधी पांढरी सुचवतो. सोमवारी मात्र तोणाक पुढच्या दारी येत नाही. वैनींनी तसं बजावून ठेवलंय, "सोमाराचें तोणाक बाटलेवांगडा वचचें ना," आणि त्यात सगुणबाबचंही काही चालत नाही.

नव्या ठिकाणी लिस्ट करायला गेले की पूर्वी मी आधी मेनूकार्ड मागायचे. आता मागच्या दाराने आत जाते आणि घरची माणसं सोमवारी काय जेवतात ते विचारते.